गुंड्याभाऊ गप्प का झाला?

बत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यात ‘विरुद्धार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही. उंच - ठेंगू, शूर - भित्रा, उधळा - काटकसरी. चार शब्द, चार गुण. मुलांना हा प्रश्न आवडायचा, कारण त्यात गुण हमखास. आणि खरं सांगते, तपासायला सोपा म्हणून मलाही आवडायचा. पण गेल्या वर्षी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, माझ्या लक्षात आलं की या प्रश्नाने मी मुलांचं थोडं नुकसानही करून ठेवलं आहे. माणसांना विरुद्धार्थी शब्द नसतात. ते कसं लक्षात आलं तेच आज सांगायचं आहे. (विहीणबाईंची परवानगी घेऊनच लिहिते आहे. नातेवाईक मंडळींनी फोन करून त्यांना भंडावू नये!)

जुलै 2024 मध्ये सूनबाईचा पाय घोट्यात मोडला. सोसायटीच्या ओल्या फरशीवर घसरली. प्लास्टर, मग सहा आठवडे सक्तीची विश्रांती. मी मिरजेहून गेले आणि दोन दिवसांनी अकोल्याहून विहीणबाईही आल्या. पुण्यातलं दोन खोल्यांचं घर, त्यात दोन आज्या आणि एकच गॅस. भाजीला गूळ घालायचा की नाही इथपासून सुरुवात. आम्ही दोघी एकमेकींशी इतक्या आदराने वागत होतो की सूनबाईलाच त्याचा ताण यायला लागला. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी आमचं बोलणं ‘प्रवास कसा झाला’ आणि ‘घ्या ना अजून थोडं’ याच्यापुढे कधी गेलं नव्हतं.

नात अकरावीत. तिला आणि तिच्या बंगळूरच्या मैत्रिणीला एक नाद होता. दोघी मिळून गोष्ट लिहीत होत्या, शेरलॉक होम्सच्या लंडनमधली. होम्स त्यांचा नव्हे, लंडनही त्यांचं नव्हे, पण त्या जगात त्यांनी आपल्या दोन मुली सोडल्या होत्या. हिची एक चोर पोरगी, तिची एका पोलिसाची मुलगी. एक प्रकरण हिने लिहायचं, एक तिने. याला फॅन फिक्शन म्हणतात. आपल्याला आवडलेल्या गोष्टीतली माणसं घेऊन, किंवा त्यांच्या शेजारी आपली माणसं वसवून, पुढची गोष्ट आपण लिहायची. अमेरिकेत 1966 साली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली आणि लगेच 1967 मध्ये ‘स्पॉकानेलिया’ नावाचं चाहत्यांनी काढलेलं मासिक आलं, तेव्हापासून हा प्रकार फोफावला म्हणे. त्या काळी असली मासिकं सायक्लोस्टाइल करून टपालाने पाठवत. हे ऐकल्यावर माझ्या बोटांना सहामाहीच्या प्रश्नपत्रिकांची शाई लागल्यासारखं वाटलं.

तर नातीचं आणि तिच्या मैत्रिणीचं भांडण झालं. कारण साधं होतं. मैत्रिणीची पोलिसाची मुलगी प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी येऊन हिच्या चोर पोरीला वाचवायची. हिने चिडून पुढच्या प्रकरणात पोलिसाच्या मुलीचा पाय मोडला. (घरात प्लास्टर होतंच, स्फूर्ती कुठून आली ते कळलं.) मग तिकडून अबोला.

“पण आजी, आम्ही सगळं एकदम काँट्रास्ट ठेवलं होतं,” नात म्हणाली. तिने मला एक तक्ता दाखवला. डावीकडे धाडसी, उजवीकडे सावध. डावीकडे गरीब, उजवीकडे श्रीमंत. डावीकडे बडबडी, उजवीकडे अबोल. अगदी माझा प्रश्न! चार शब्द, चार गुण.

मी म्हटलं, अगं, होम्स आणि वॉटसन यांचा असा तक्ता करून बघ. हुशार - मंद असं लिहिशील आणि तिथेच फसशील. वॉटसन मंद नाहीच. तो डॉक्टर आहे, अफगाणिस्तानच्या लढाईत जखमी होऊन आलेला लष्करी माणूस आहे, आणि लेखणी त्याच्या हातात आहे. कॉनन डॉयलने होम्सवर छप्पन्न कथा आणि चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्या वॉटसनच्या तोंडून. 1926 मध्ये त्याने दोन कथा खुद्द होम्सला सांगायला लावून बघितल्या. त्यातल्या एकीत होम्सलाच कबूल करावं लागतं की हे काम वाटतं तितकं सोपं नाही. 1939 ते 1946 या काळात बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस यांचे चौदा चित्रपट आले, त्यात वॉटसनला विसराळू, धांदरट म्हातारा करून टाकलं. लोक हसले. पण होम्ससारखा माणूस अशा धांदरटाबरोबर वर्षानुवर्षं का राहील, हे त्या चित्रपटांना सांगता येत नाही. जोडीदाराला खाली दाबून आपलं माणूस उंच दाखवायचं, ही युक्ती त्यांनीही केली आणि तुम्ही दोघींनीही.

नात तेवढ्यापुरती गप्प बसली. मग म्हणाली, “बोलायला सोपं आहे. तू लिहून दाखव ना कोणाबरोबर तरी.”

आणि विहीणबाई, ज्या आतापर्यंत मेथी निवडत निमूट ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, “मी लिहीन नं यांच्याबरोबर. काहून, मला का लिहिता येत नाही काय?”

त्या जिल्हा परिषदेत लेखा विभागात होत्या. आयुष्यभर आकडे. मला वाटलं, दोन दिवसांचा खेळ आहे.

जोडी कोणती घ्यायची यावर फार चर्चा झाली नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊ. चि. वि. जोशी हे बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक, आणि त्यांनी मराठीला दिला हा भित्रा, सुशिक्षित, मध्यमवर्गीय चिमणराव आणि त्याच्या नात्यातलाच तो आडदांड, फटकळ गुंड्याभाऊ. 1940 साली मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावे करून’ काढला त्यात हे दोघे पडद्यावर आले. आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले ते मी मुंबईला बहिणीकडे गेले की बघायची. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे चिमणराव-गुंड्याभाऊ म्हणजे तेच दोघं. विहीणबाईंनी पुस्तकंच वाचली होती, अकोल्याच्या वाचनालयातून. मुलाने आणखी एक गोष्ट सांगितली. चि. वि. 1963 साली गेले, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे 1 जानेवारी 2024 पासून ही माणसं सर्वांची झाली. तेव्हा कायद्यानेही आम्ही मोकळ्या होतो.

दोनशे पानी वही आणली. मी चिमणराव, त्या गुंड्याभाऊ. नातीने नियम घातला: आपापल्या माणसानेच बोलायचं आणि वागायचं. दुसरीच्या माणसाच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत.

विषय मी सुचवला. हयातीचा दाखला. निवृत्त मंडळींना सांगायला नकोच. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत हे सिद्ध करायचं! आमचा चिमणराव आता निवृत्त, पेन्शनर, बँकेत जायला निघाला आहे आणि गुंड्याभाऊ बरोबर आहे. मला कल्पना इतकी आवडली की पहिली दोन पानं मी एका बैठकीत लिहिली. चिमणराव पहाटे चारला उठतो, फाईल लावतो, आधार कार्डाच्या पाच झेरॉक्स काढतो, सहाव्या झेरॉक्ससाठी परत जिने चढतो. विहीणबाईंनी लिहिलं, गुंड्याभाऊ म्हणतो, “जित्या माणसाला दाखला कायले पाह्यजे? मी सांगतो नं तुमच्या मॅनेजरले.”

इथे आमचा पहिला वाद. गुंड्याभाऊ वऱ्हाडी बोलेल का? मूळ गुंड्याभाऊ वऱ्हाडी नाही. मी तसं म्हणाले. विहीणबाई म्हणाल्या, “तुमचा चिमणराव मिरजेचा झाला ते चाललं. त्याने कालच्या पानावर भडंग खाल्लं.” मी मागे जाऊन पाहिलं तर खरंच खाल्लं होतं. मी हरले. आता विचार करते तेव्हा त्यांचंच बरोबर वाटतं. दुसऱ्याचं पात्र उसनं घेतलं की काय बदलायचं आणि काय नाही, हे ठरवावंच लागतं. बोली बदलली, गाव बदललं, काळ बदलला तरी चालतो. गुंड्याभाऊ चिमणरावाला सोडून एकटाच निघून गेला, असं लिहिलं तर मात्र तो गुंड्याभाऊ राहत नाही.

आठ पानं झाली. नात वाचून म्हणाली, “आजी, हे दोघं अजून जिन्यातच आहेत.”

होते खरे! चिमणराव म्हणे रिक्षा, गुंड्याभाऊ म्हणे पायी. चिमणराव म्हणे छत्री, गुंड्याभाऊ म्हणे कशाला. मी हो म्हटलं की त्या नाही. आम्हाला वाटत होतं, विरोध चांगला रंगतो आहे. पण तो विरोध नव्हता, विरुद्धार्थी शब्द होते. गोष्ट एक पायरी उतरत नव्हती.

तेव्हा मला फुगडी आठवली. नागपंचमीचे दिवस होते म्हणून असेल. फुगडीत दोघी हातांची अढी घालून मागे रेलतात, एक इकडे, एक तिकडे. जितकी जास्त रेलाल तितकी फुगडी जोरात. पण पाय? चौघे पाय मधोमध, एकमेकांना चिकटून. पाय लांब ठेवून नुसत्या मागे रेललात तर दोघी पडणार. आम्ही आमच्या दोघांना मागे रेलायला लावलं होतं, पण पाय कुठे जुळवले होते? गुंड्याभाऊ मुळात या बँकेच्या कामाला का निघाला आहे? त्याचं काय अडलं आहे?

मी हा प्रश्न विहीणबाईंना विचारला. त्यांनी उत्तर दिलं नाही. वही घेतली आणि रात्री लिहून ठेवलं. गुंड्याभाऊला पेन्शन नाही. तो कधीच कायम नोकरीत नव्हता. तो जिवंत आहे की नाही, हे त्याला कोणी, कधी, कुठल्याच नोव्हेंबरात विचारलेलं नाही. म्हणून तो दर वर्षी चिमणरावाबरोबर जातो. रांगेत उभा राहतो. त्याला बघायचं असतं, जिवंत आहे असं सांगितल्यावर ते लोक कुठे लिहून घेतात.

मी ते दोनदा वाचलं. बत्तीस वर्षं निबंध तपासले, पण असं काही माझ्या वाटणीला फार आलं नव्हतं. एका फटक्यात दोघं जिन्यातून रस्त्यावर आले. भित्रा आणि धीट हा फरक आता कुणाच्या खिजगणतीत नव्हता. एकाला जिवंत असण्याचा पुरावा द्यावा लागतो आणि दुसऱ्याकडे कोणी मागतच नाही, फरक हा होता. तो स्वभावातला नव्हे, परिस्थितीतला. आणि पाय जुळले होते, कारण दोघांना त्याच खिडकीपाशी जायचं होतं.

माझं मत असं झालं आहे की जोडी घडवताना स्वभावाचा तक्ता सगळ्यात शेवटी करावा, किंवा करूच नये. आधी विचारावं, यांना एकत्र बांधणारं काय आहे, आणि एकाजवळ असं काय आहे जे दुसऱ्याजवळ कधीच येणार नाही. अर्थात दोघांना एकच हवं असलं पाहिजे असा काही दंडक नाही. महाभारतात कर्णाच्या रथावर शल्य सारथी म्हणून बसतो तो मुळी युधिष्ठिराला शब्द देऊन, की मी कर्णाचा तेजोभंग करीन. एक रथ, दोन माणसं, आणि इच्छा उलट्या. तीही थोर जोडी आहे. पण ती सोबतीची नाही, घाताची आहे. नातीच्या गोष्टीत झालं ते हेच. त्यांना सोबत लिहायची होती आणि नकळत शल्य लिहून बसल्या.

दुसरा दाखला मी नातीला दिला तो डॉन किहोटेचा. सेर्व्हान्टेसने 1605 मध्ये पहिला भाग काढला. किडकिडीत, पुस्तकांनी डोकं फिरलेला सरदार आणि गाढवावर बसलेला गोलमटोल सांचो. ती जोडी इतकी गाजली की 1614 मध्ये आवेयानेदा असं टोपणनाव घेऊन कोणीतरी परस्पर दुसरा भाग छापून टाकला. म्हणजे फॅन फिक्शनच, पण कुरापतखोर. त्यात त्याने किहोटेला डुल्सिनेयाच्या प्रेमातूनच बाहेर काढलं. खरा सेर्व्हान्टेस इतका भडकला की 1615 च्या आपल्या दुसऱ्या भागात त्याने किहोटेला सारागोसाला जाऊच दिलं नाही, कारण नकली भागात तो तिथे गेला होता. पण मला त्या खऱ्या दुसऱ्या भागातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. चालता चालता दोघं एकमेकांसारखे होत जातात. सांचोला राज्य मिळतं तेव्हा तो शहाण्यासारखा न्याय करतो, आणि शेवटी सरदार शुद्धीवर येऊन अंथरुणावर पडलेला असताना, ‘उठा, अजून जायचं आहे’ म्हणून विनवणारा सांचोच असतो. तक्त्यातले शब्द तेवढ्या वाटेत डावीकडून उजवीकडे गेलेले असतात. माझ्या प्रश्नपत्रिकेत याला शून्य गुण मिळाले असते.

असो. व्याख्यान झालं. तेच तर माझं दुखणं. बँकेत पोचेपर्यंत माझा चिमणराव प्रत्येक वळणावर दहा ओळी बोलायला लागला होता. रस्त्यावरचे खड्डे, मराठीची दुरवस्था, हल्लीची पिढी. नात म्हणाली, “आजी, तुझा चिमणराव मास्तरीण झालाय.” लागलं, पण खरं होतं. दोघांनी मिळून लिहिताना हा मोह फार. आपलं पात्र म्हणजे आपणच, आणि आपण तर नेहमी बरोबर असतो! दुसरीचं पात्र मग नुसतं हो-हो म्हणायला उरतं. तमाशातला सोंगाड्या लोकांना हसवतो ते राजा झालेला नट त्याला जागा देतो म्हणून. जागा देणाऱ्याचं नाव कोणी काढत नाही, पण त्याच्याशिवाय वग पडतो. मी विहीणबाईंना जागाच देत नव्हते.

म्हणून मी ठरवलं, आता चिमणरावाची फजिती करायची. बँकेत कोपऱ्यातला साहेब गुंड्याभाऊकडे बोट दाखवून विचारतो, “हे कोण?” चिमणराव आधीच घाबरलेला, हातात सत्तेचाळीस नंबरचं टोकन, कपाळावर घाम. तो गडबडीने म्हणतो, “कोणी नाही, कोणी नाही. बरोबर आलेत.” मला वाटलं, काय छान विनोद! आता गुंड्याभाऊ असा काही फटका देईल की मजा येईल. वही विहीणबाईंच्या उशाशी ठेवली.

सकाळी वहीत एकच ओळ होती. गुंड्याभाऊ बाहेर गेला आणि चपलांपाशी उभा राहिला.

मी थोडं लिहिलं. चिमणरावाने काचेतून त्याला हात केला वगैरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच ओळ: अजून उभाच आहे.

नात म्हणाली, अकोल्याच्या आजी कंटाळल्या वाटतं. मलाही तसंच वाटलं. आणि थोडा रागही आला, की नियमाने खेळायचं ठरलंय तर लिहा की. बोलणारा माणूस एकदम गप्प का करता?

त्या रात्री सूनबाई झोपल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात श्रावण घेवडा मोडत बसलो होतो. विहीणबाई खाली बघतच म्हणाल्या, “तुम्हाले आठवत नसन.”

2006 साली अकोल्याला लग्न झालं. कार्यालयात आमच्याकडची वरात पोचली तेव्हा गडबड होती, उन्हाळा होता, कुणाला पाणी हवं, कुणाला खोलीची किल्ली. एक उंच, काळेसावळे गृहस्थ सगळीकडे धावत होते. सतरंज्या उचलत होते, आमच्या बॅगा चढवत होते. माझ्या नणंदेने मला विचारलं, हे कोण? आणि मी म्हणाले, “कोणी नाही, कार्यालयातले असतील.” विहीणबाई माझ्या मागेच ओवाळायचं ताट घेऊन उभ्या होत्या. ते त्यांचे थोरले भाऊ. वडील लवकर गेल्यावर यांचं शिक्षण त्यांनी केलं, लग्न त्यांनी लावलं, आणि भाचीचं लग्नही तेच उभं करत होते. त्यांच्या कानावरही ते गेलं. ते व्याह्यांच्या पंगतीला बसले नाहीत. शेवटी आचाऱ्यांबरोबर जेवले. आहेराच्या वेळी त्यांना हाक मारली तर म्हणाले, गाड्यांपाशी कोणीतरी पाहिजे. 2015 मध्ये ते गेले.

मला काहीही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटतं. रुखवत आठवतं, जेवणातला वडाभात आठवतो, माझी पैठणी कुठे चुरगळली ते आठवतं. मी बाईंना काय म्हणायला हवं होतं? माफी मागावी तर अठरा वर्षं उशीर झालेला, आणि मागायची ज्यांची ते नाहीत. मी फक्त विचारलं, “त्यांचं नाव काय होतं?” इतकंही मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. मग आम्ही उरलेला घेवडा मोडला.

वही माझ्याकडे होती आणि पाळी चिमणरावाची होती.

त्या रात्री मला लिहिण्याबद्दल जे कळलं ते आधीच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा जास्त होतं. मनात पहिलं आलं ते असं की चिमणरावाने बाहेर धावत जाऊन गुंड्याभाऊचा हात धरावा आणि सगळ्या बँकेसमोर खणखणीत आवाजात सांगावं, हे माझे भाऊ आहेत! लिहिलंही. आणि खोडलं. चिमणराव हे करूच शकत नाही. तो भित्रा आहे, साहेबासमोर त्याचा आवाज फुटत नाही. मी त्याला एका रात्रीत शूर केलं असतं तर ते माझ्या सोयीसाठी, माझं मन हलकं व्हावं म्हणून. पात्र आपल्याला हवं तेव्हा बदलत नाही, आणि बदललं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की आत लेखक शिरला आहे. शिवाय गुंड्याभाऊला तिथून हलवायचा अधिकार माझा नव्हता. तो नियम नातीने खेळ म्हणून घातला होता, पण त्या रात्री मला तो फार शहाणपणाचा वाटला. दुसऱ्याच्या माणसाने क्षमा केली, असं आपण लिहायचं नसतं.

मग भित्र्या माणसाला काय करता येतं? मी लिहिलं ते एवढंच. पंचेचाळीस नंबर पुकारला, शेहेचाळीस पुकारला. चिमणराव उठला आणि बाहेर आला. सत्तेचाळीस पुकारला तेव्हा तो चपलांच्या ढिगात वाकून बघत होता. ‘माझी चप्पल सापडत नाहीये,’ तो म्हणाला. चप्पल समोरच होती. आतून पुन्हा सत्तेचाळीस पुकारला. मग अठ्ठेचाळीस.

विहीणबाईंनी ते वाचलं तेव्हा मी मुद्दाम बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. कपडे संपले तरी घालत होते.

संध्याकाळी वही परत आली. गुंड्याभाऊने चप्पल पायाने पुढे सरकवली आणि म्हणाला, “नंबर गेला नं तुमचा. आता बसा दोन घंटे.” आणि तोही तिथेच पायरीवर बसला.

नातीने हे सगळं वाचलं, पण मागची हकीकत आम्ही तिला तेव्हा सांगितली नव्हती. तिला नुसतं इतकंच वाटलं की गोष्ट एकदम चांगली झाली. ती म्हणाली, “हे दोघं आता काहीच बोलत नाहीयेत, तरी मजा येतेय.” तिने मैत्रिणीला काय कळवलं मला माहीत नाही, पण महिनाभराने कळलं की त्या चोर पोरीने मोडक्या पायाच्या पोलिसकन्येला पाठीवर घेऊन लंडनभर हिंडवलं. वाचवण्याची पाळी बदलली म्हणायची. नात मला म्हणते, आता तुम्ही काऊ आणि चिमणरावाच्या आईची जोडी घ्या, सासू-सुनेची, नेहमी पुरुषच का? मुद्दा बिनतोड आहे. पण सूनबाई घरात असताना ते धाडस आम्हा दोघींनाही झालं नाही.

ऑगस्टअखेर प्लास्टर निघालं आणि आम्ही आपापल्या गावी गेलो. वही कुरियरने फिरते. मिरज ते अकोला, अकोला ते मिरज. माझा मुलगा म्हणतो फोनवर टाइप करा, फुकट जाईल. पण विहीणबाईंचं अक्षर हिशेबाच्या वहीसारखं सरळ, ताठ, आणि मला आता ते बघितल्याशिवाय गुंड्याभाऊचा आवाज ऐकू येत नाही. एका पाकिटात त्यांनी भावाचा फोटोही पाठवला. उंच, काळेसावळे, पांढरा शर्ट. मागे लग्नाचा मांडव. मांडवात कडेला एक पैठणी नेसलेली बाई पाठमोरी उभी आहे. ती मी आहे की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

हयातीच्या दाखल्याचं काम अजून झालेलं नाही, वर्ष उलटून गेलं तरी! परवा वही आली. दोघं शेवटी खिडकीपाशी पोचले आहेत आणि म्हातारपणाने झिजलेला चिमणरावाचा अंगठा यंत्रावर काही केल्या उमटत नाहीये. गुंड्याभाऊ म्हणतो, “सरका. माह्या घेऊन पाहा.”

आता पाळी माझी आहे. वहीची तीन पानं उरली आहेत.